डोळ्याची शिंपली

आमच्या घरात डोळे नेहमी शेवटी काढले जात. गौरीचा मुखवटा असो, जत्रेच्या रथावरचा द्वारपाल असो, नाहीतर लग्नघराच्या भिंतीवरचा मोर असो, अप्पा आधी सगळं अंग रंगवून घेत, दागिन्यांचा शेवटचा ठिपका देत, मग कुंचले धुऊन ठेवत, अंघोळ करत आणि कोऱ्या कुंचल्यानं डोळे उघडत. त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही. तव्यावरची भाकरी करपली तरी माय हूं की चूं करत नसे, आणि माझी माय भाकरी करपू देणाऱ्यांतली नव्हती. मी लहानपणी एकदा अप्पांना विचारलं होतं, की नाकतोंड काढतानाच डोळे काढून टाकले तर काय बिघडतं? ते म्हणाले, "अगं, डोळे उघडले की देव बघायलाय म्हण. अन् बघताना आपलं निम्मं अंगच न्हाई असं दिसलं, तर त्येला कसं वाटंल?" मला ते तेव्हा अगदी पटलं. खरं सांगायचं तर अजूनही पटतं.

आम्ही हुमनाबादचे चितारी. दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं परसात एक शेवगा आणि शेजारणीशी भांडायला पुरेल एवढी मोकळी जागा. ओसरीवर अप्पांचं बस्तान. तिथं दुसऱ्या कुणी पाय ठेवायचा नाही, कारण कुठल्या करवंटीत नीळ आणि कुठल्या शिंपलीत तांबडा हिंगूळ हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. बाभळीचा डिंक भिजत घातलेलं मडकं चुलीच्या उबेला असे आणि त्याला लागूनच अंबाडीच्या भाजीचं. मायनं एकदा घाईगडबडीत डिंकात तिखटमीठ टाकलं, त्यावरून दोघांची जुंपली ती पुढचे कितीतरी दिवस जेवताना चालू राहिली. जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि वर करडईचं तेल. अप्पा हात घासून धुऊन बसत, तरी नखांत गेरू राहायचाच, आणि माय म्हणायची, "देवाचा रंग खाऊन खाऊन एक दिस तुमीच देव व्हताल." घरात मराठी, बाजारात कानडी आणि सरकारी माणूस दिसला की दखनी असं आमचं बोलणं. ह्या तीन वेगळ्या भाषा आहेत हे मला बरंच उशिरा कळलं. माणूस बघून बोलणं बदलायचं असतं, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

अप्पांना मुलगा नव्हता. आम्ही दोघी बहिणी, अक्का थोरली आणि मी धाकटी. अक्काचं नाव काशी, पण ते मायनं रागावून हाक मारली तरच ऐकू यायचं. रंग वाटायचं काम तिच्याकडं होतं. दगडाच्या खलात पिवळा हरताळ घोटताना ती ओठ मिटूनच काहीतरी गुणगुणायची, आणि तो खल थांबला की आम्हाला घर सुनं वाटायचं. तिची बोटं लांब होती, वेणी कमरेखाली यायची, आणि बोलणं इतकं कमी की सोयरेधायरे मलाच थोरली समजत. तिला रंग लक्षात राहायचे, मला भांडणं. मायच्या जुन्या लुगड्याला दंड घालायला दोरा हवा असला, तर ती नमुना न घेता बाजारात जायची आणि बरोब्बर तोच आणायची. मी नमुना घेऊन जायचे आणि भलताच दोरा आणून शिव्या खायचे.

अशा आमच्या घरात पाखरं आली ती मुन्सफसाहेबांमुळं. ते निजामसरकारच्या कोर्टातून पेन्शन घेऊन हुमनाबादला राहायला आलेले. कल्याणीच्या रस्त्याला आमराईत त्यांचा बंगला होता. त्यांना एकच वेड, गाणारी पाखरं. आपल्या मुलखातल्या गाणाऱ्या पाखरांवर उर्दूत एक पुस्तक लिहायचं आणि त्यात प्रत्येक पाखराचं रंगीत चित्र घालायचं, असं त्यांनी मनाशी धरलेलं. कुणीतरी त्यांना अप्पांचा रथ दाखवला आणि त्यांनी अप्पांना बोलावणं धाडलं. तिथं त्यांनी एक विलायती पुस्तक उघडून दाखवलं. मोठालं पुस्तक, प्रत्येक चित्रावर पातळ झिरझिरीत कागद, आणि तो उचलला की खाली पाण्याच्या रंगात काढलेलं पाखरू. अप्पा घरी आले ते न जेवता भिंतीला टेकून बसले. मायला वाटलं साहेबानं अपमान केला. अप्पा म्हणाले, "एकेक पीस येगळं काढलंय गं. मी इतकी वर्सं मोर म्हून जे काढलो, ते मोर नव्हतेच, नक्षी होती." एवढ्या वयात आपल्याला काही येत नाही असं मोकळेपणानं म्हणणारा माणूस मी त्यानंतर फारसा पाहिला नाही.

काम सुरू झालं. साहेब पहाटे बारीक छऱ्याची बंदूक घेऊन निघत. पाखरू पडलं की ते उचलून त्याला म्हणत, "माफ कर दे भई," आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाखराला पुन्हा तेच म्हणत. ओल्या फडक्यात आणि लिंबाच्या पाल्यात गुंडाळलेलं ते पाखरू टोपलीतून आमच्या घरी यायचं. बरेचदा साहेब स्वतःच मागोमाग येत आणि अंगणात खुर्ची टाकून बसत, बायकामाणसांचं घर म्हणून आमच्याकडं पाठ करून. अप्पा कर्कटकानं चोच मापत, पंख मापत, शेपूट मापत, कारण चित्र जिवंत पाखराएवढंच व्हायला हवं होतं. मग पाण्यासारख्या पातळ रंगाचा एक हात, तो वाळला की दुसरा, तो वाळला की तिसरा. देवांना असे पातळ रंग चालत नाहीत, देवांना ठसठशीत लागतात. अप्पांना हे शिकायला वेळ लागला, पण ते शिकले. खारीच्या केसांचा कुंचला ते स्वतः बांधत, आणि त्याच्या टोकानं चंडोलाच्या छातीवरची एकेक रेघ अशी ओढत, की बघणाऱ्याचा श्वास अडकायचा.

अडलं ते डोळ्यापाशी. पाखरू मेलं की त्याच्या डोळ्याचा रंग जातो. आधी चकाकी जाते, मग पातळ साय धरल्यासारखं होतं, आणि दुपारपर्यंत लाल काय नि पिवळा काय, सगळं राखेच्या रंगाचं. म्हणून विलायती चितारी डोळा सगळ्यात आधी रंगवून घेतात, असं साहेबांनी अप्पांना बजावलं होतं. "उस्ताद, आँख पैले! आँख का रंग घडीभर का मेहमान है." अप्पा "जी हुजूर" म्हणत आणि डोळा शेवटीच काढत. मग व्हायचं तेच झालं. हळद्या काढला. पिवळा रंग असा उतरला होता की हात लावला तर बोट पिवळं होईल असं वाटावं. आणि अंघोळ करून अप्पा डोळ्याकडं वळले, तेव्हा टोपलीतल्या पाखराचा डोळा विझलेला. त्यांना जे दिसलं ते त्यांनी इमानदारीनं काढलं. साहेबांनी तो हळद्या आमराईत जिवंत पाहिलेला होता. ते चित्राकडं बघत राहिले आणि म्हणाले, "ये हळद्या नै उस्ताद, इसका जनाजा है." जाता जाता एवढंच म्हणाले, की पुढचंही असंच झालं तर हैदराबादहून दुसरा माणूस आणावा लागेल.

दुसऱ्या दिवशी टोपलीत नवं पाखरू आलं आणि साहेबांचं ऐकायचं ठरवून अप्पा कोऱ्या कागदापुढं बसले. नुसत्या पांढऱ्या कागदावर एक डोळा काढायचा, आजूबाजूला अंग नाही, चोच नाही, काही नाही. मी दारातून बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला. कुंचला कागदापर्यंत जायचा आणि माघारी यायचा. शेवटी ते म्हणाले, "माझ्यानं व्हायलं न्हाई," आणि त्यांनी कागद उलटा करून ठेवला. एवढा मोठा माणूस एका ठिपक्याला घाबरतो याचं मला हसू आलं असतं, पण मी मायचं तोंड बघितलं.

तेव्हा अक्कानं ते केलं. कुणाला न विचारता तिनं टोपली ओढली, पाखरू हातात घेतलं आणि उन्हात जाऊन उंबऱ्यावर बसली. पाखराच्या डोळ्यात तिनं बराच वेळ बघितलं. मग उठून एका शिंपलीत थोडा हिंगूळ, थोडं काजळ, डिंकाचं पाणी असं काहीबाही कालवलं, कागदाच्या कपट्यावर ठिपका दिला, कपटा डोळ्याशेजारी धरून पाहिला, पुन्हा कालवलं. मनासारखं झाल्यावर तिनं शिंपलीवर ओलं फडकं घातलं आणि ती माठाच्या तिवईखाली गारव्याला ठेवली. अप्पांना म्हणाली, "तुमी डोळा सगळ्यात शेवटीच काढा. रंग मी आधी धरून ठिवलाय." अप्पांनी तिच्याकडं पाहिलं, माठाकडं पाहिलं, आणि कागद सुलटा केला. दिवसभर त्यांनी अंग रंगवलं, अंघोळ केली, तिवईखालून शिंपली काढली आणि डोळा उघडला. साहेब आले, चित्र बघून खुर्चीवरून उठून उभे राहिले. म्हणाले, "बेटी ने दोनों की इज्जत रख ली, उस्ताद. आपकी भी, परिंदे की भी."

तेव्हापासून आमच्या घरात 'डोळ्याची शिंपली' हा शब्द झाला. टोपली आली की आधी अक्काची. ती प्रत्येक डोळ्याला आपल्या घरचं काहीतरी नाव द्यायची. दयाळाचा डोळा ओल्या चिंचोक्याचा, सातभाईचा ताकाच्या निवळीत हळदीचं बोट बुडवल्यावरचा, हळद्याचा पिकल्या तोंडल्याच्या आतला. नंतर साहेबांनी दुसरा हळद्या आणला आणि तो डोळा असा उतरला की मला त्या चित्रापुढून जाताना पदर सावरावासा वाटायचा. मायला मात्र यातलं काही आवडत नव्हतं. "पोरीच्या जातीनं उठलं की मेलेल्या पाखराच्या डोळ्यात बघायचं, ह्यो काय धंदा हाय?" अक्का म्हणायची, "मेलंलं कुठं गं माय. अजून अंग ऊन हाय की." अक्का पाखरू ठेवून उठली की माय तिला दहीभात देण्याआधी तिच्या हाताला राख चोळून पाणी घालायची आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची.

त्या दिवसांत आमच्या घरात जेवढं सुख होतं तेवढं मी पुढं कुठं पाहिलं नाही, माझ्या स्वतःच्या संसारातही नाही, आणि संसार काही वाईट झाला नाही माझा. अप्पा नि अक्का ओसरीवर, दोघांची डोकी एका कागदावर वाकलेली. बाहेर शेवग्यावर जिवंत दयाळ गातोय आणि आत अप्पा त्याच्या भावाला रंगवतायत. मधूनच अक्का जिवंत दयाळासारखी शीळ घालायची आणि तो खुळा शेवग्यावरून उत्तर द्यायचा. मग अप्पा हसायचे, आणि कुंचला हलतो म्हणून तिच्यावरच रागवायचे. ती सगळी चित्रं साहेबांच्या बंगल्यात गेली. पुढं निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत साहेबांची लेकरं बंगला सोडून निघून गेली. साहेब तोवर वारले होते, पुस्तक काही झालंच नाही, आणि चित्रांचं काय झालं कुणाला ठाऊक नाही. कुठल्यातरी पेटीत असतील तर त्यातला एकेक डोळा माझ्या बहिणीनं कालवलेला आहे, हे उघडणाऱ्याला कोण सांगणार?

पाखरांचं काम सुरू होऊन वर्ष होत आलं, त्या भाद्रपदात अक्काला ताप आला. आधी तिनं तो अंगावर काढला. मग तो मुदतीचा ताप आहे असं कळलं. साहेबांनी आपला टांगा पाठवून बीदरहून डॉक्टर आणवला. त्यानं औषध दिलं, पेज सांगितली, आणि अप्पांना अंगणात बाजूला नेऊन काहीतरी म्हणाला. अप्पा आत आले ते थेट खलापाशी गेले आणि हरताळ घोटू लागले, जे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं नव्हतं. आत अक्का बडबडत होती. तिच्या बडबडण्यात पाखरंच जास्त. माय तिच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या बदलत होती आणि अप्पांकडं न बघता म्हणत होती, "तळतळाट लागला पाखरांचा. सांगत व्हते मी. सांगत व्हते." अप्पा हरताळ घोटतच राहिले. मी दोघांच्या मधे बसलेली. मला दोघांचाही राग आला होता आणि दोघांच्याही गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं.

ती गेली तेव्हा भरदुपार होती. बाहेर पाखरंही गप्प होती. मायनं आपल्या हातानं तिचे डोळे झाकले, केस विंचरले, नाकातली मोरणी सरळ केली. गल्लीतली माणसं जमली, अंगणात बांबू आले. आणि मग माय, जी त्या सगळ्या वेळात रडली नव्हती, अप्पांपुढं जाऊन उभी राहिली. म्हणाली, "सारी पाखरं साहेबाच्या घरी गेली. माझ्या घरात काय राहिलं? हिचं काढा. हिला न्यायच्या आधी हिचं चित्र काढा."

अप्पांनी विलायती कागद घेतला आणि अक्काशेजारी बसले. सवयीनं त्यांचा हात कर्कटकाकडं गेला. एक टोक त्यांनी तिच्या भुवईपाशी धरलं, दुसरं हनुवटीकडं उघडत नेलं, आणि तिथंच ते थांबले. त्यांनी कर्कटक मिटवलं आणि चटईखाली सरकवलं. मग न मापताच काढायला घेतलं. मी पाण्याची वाटी धरून बसले होते. भांग, कान, मोरणी, ओठांच्या कोपऱ्यातली ती किंचित वर गेलेली रेघ, सगळं येत होतं. मी वर्षभर त्यांचा हात पाहिला होता, पण असा हात पाहिला नव्हता. अंगणातून कुणीतरी म्हणालं, "चितारी, उनं कलली. आवरा आता." कुणी दुसऱ्यानं त्याला कानडीत गप्प केलं. अप्पा काढत राहिले. तोंड पुरं झालं, गळ्यातली माळ पुरी झाली, फक्त डोळ्यांच्या दोन जागा पांढऱ्या राहिल्या. अप्पांनी कुंचला धुतला. आणि कागदावरची नजर न काढता त्यांनी डावा हात लांब करून माठाच्या तिवईखाली घातला.

तो हात तिथं चाचपडत राहिला. ओल्या जमिनीशिवाय खाली काही नव्हतं. काय होतंय हे आधी मला कळलं, मग मायला, आणि शेवटी अप्पांना. त्यांनी हात हळूच बाहेर घेतला. मग तो अक्काच्या पापणीकडं गेला. माय ओरडली, "हात लावू नका. मी झाकलेत ते." अप्पा म्हणाले, "न्हाई लावत." आणि मग, जसं काही साहेबांनाच सांगतायत तसं, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "आता उघडून तरी काय. रंग गेला असंल." तेव्हा माय पहिल्यांदा मोठ्यानं रडली. माणसं आत आली आणि अक्काला घेऊन गेली.

दिवसकार्य झालं आणि अप्पांनी विचारायला सुरुवात केली. ते बिनडोळ्यांचं चित्र त्यांनी आढ्याच्या खाली, भिंतीकडं तोंड करून ठेवलं होतं. आधी त्यांनी मायला विचारलं. "काळेभोर व्हते, आनखी कसले असत्याल?" माय म्हणाली. मग अंगण झाडताना थांबून म्हणाली, "न्हाई, माझ्या आईवानी थोडे घारे व्हते की." आणि संध्याकाळी चुलीपाशी बसून म्हणाली, "मला आठवायलं न्हाई. माझ्या पोटची पोर, अन् मला आठवायलं न्हाई." मला विचारलं. मला घरात काळे आठवत होते आणि अंगणात तांबूस. दोन्ही खरे असतील. अप्पा बंगल्यावर गेले, मला बरोबर घेऊन. साहेबांनी तेव्हापासून बंदूक हातात धरली नव्हती. अप्पांचा प्रश्न ऐकून ते आंब्याच्या झाडाकडं वळले. म्हणाले, "मैं कब्बी आँख उठाको नै देखा उस्ताद. आपकी बेटी थी ना. मेरी भी बेटी थी." आणि त्यांनी रुमालानं तोंड झाकलं. परत येताना अप्पा रस्त्यात थांबले आणि मला म्हणाले, "सुंद्रे, मला तिची वेणी आठवायलीय, बोटं आठवायलीत. ती सदा कामावर वाकलेली. तिनं डोळे भरून कुणाकडं बघितलं असंल, तर त्या पाखरांकडं." ती पाखरं मेलेली होती, हे आम्ही दोघंही बोललो नाही.

मग एक दिवस त्यांनी मला उन्हात बसवलं. "हिकडं बघ. अशी, नीट बघ." ते माझ्या डोळ्यात बघून शिंपलीत रंग कालवू लागले. त्यांची अंघोळ झाली होती, ते चित्र भिंतीवरून खाली आलं होतं. "एकाच मायच्या लेकी तुमी. जवळपासच असंल," ते स्वतःशीच बोलत होते. मला बरं वाटत होतं, ते लपवत नाही. घरात कितीतरी दिवसांनी कुणी माझ्याकडं बघत होतं. माय परसातून आली ती हातात शेवग्याच्या शेंगा घेऊन. तिनं एका नजरेत सगळं ओळखलं. शेंगा खाली टाकून तिनं अप्पांच्या हातातली शिंपली काढून घेतली, पाण्यानं धुतली, पदरानं पुसली. म्हणाली, "हिचे डोळे हिलाच राहू द्या. एकीचे काढून दुसरीला बसवायला ही काय मातीची गवर हाय?" आणि तिनं मला आत ओढून पोटाशी असं धरलं की मला श्वास घेता येईना. परवा नातीनं मला मोतीबिंदूसाठी उमरग्याच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरीणबाई उजेड पाडून माझ्या डोळ्यात बघत होती, तेव्हा मी विचारलं, "बाई, रंग कसलाय गं माझ्या डोळ्याचा?" ती हसून म्हणाली, "आजी, आता सगळा सायीसारखा झालाय." तिला वाटलं मी चेष्टा करते आहे.

हिवाळा गेला. अप्पा गौरी रंगवत नव्हते, रथाचं काम दुसऱ्यांनी नेलं. एके सकाळी त्यांनी नवा कागद घेतला आणि कुणाला काही न सांगता बसले. मी घरकामात होते. मधून मधून बघत होते तर आधी एक खांदा दिसला, मग पुढं आलेली वेणी, मग तळहातावर एक पाखरू, मग त्या पाखरावर वाकलेली मान. पापण्या खाली होत्या. उघडायला डोळे नव्हतेच. त्या दिवशी ते अंघोळीला उठले नाहीत, एका बैठकीत त्यांनी चित्र पुरं केलं आणि मायला हाक मारली.

माय पिठाच्या हातानंच बाहेर आली. अप्पांनी चित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं. ती बघत उभी राहिली. "हीच," ती म्हणाली. "अशीच बसायची माझी काशी." तिनं वेणीवरून बोट फिरवलं, कागदाला पीठ लागलं, अप्पांनी ते तसंच राहू दिलं. मग ती खाली बसली. जमिनीला जवळजवळ गाल टेकवून तिनं मान वाकडी केली आणि त्या झुकलेल्या तोंडाकडं खालून बघू लागली. रुसलेल्या लेकराच्या तोंडाकडं आपण खालून बघतो तशी.

"काशे," ती म्हणाली, "वर बघ गं. एकदा माझ्याकडं वर बघ की, माय."

खोटं कशाला सांगू, आम्ही तिघंही थोडा वेळ वाट बघत राहिलो.